'नोव्हेंबर स्टेप्स': मिसळायला नकार देणारं संगीत

देशी वाद्यं आणि पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला गोड मिलाफाची अपेक्षा असते. तोरू ताकेमित्सु (१९३०–१९९६) या जपानी संगीतकारानं 'नोव्हेंबर स्टेप्स'मध्ये नेमकं उलटं केलं. ही रचना समजून घ्यायची तर आधी त्याचं जपानशी असलेलं भांडण पाहायला हवं.

ताकेमित्सु युद्धकाळात वाढला. चौदाव्या वर्षी त्याला लष्करी कामाला जुंपलं. पाश्चात्त्य संगीतावर तेव्हा बंदी होती. तिथं चोरून ऐकलेल्या एका फ्रेंच गाण्यानं त्याला संगीताकडे ओढलं. पुढे कित्येक वर्षं जपानी संगीत ऐकलं की त्याला युद्धच आठवायचं. मग एकदा त्यानं बुनराकू, म्हणजे तिथल्या बाहुलीनाट्याचं संगीत ऐकलं आणि तो हादरला. आपल्याच घरातला हा आवाज आपण ऐकलाच नव्हता, हे त्याला जाणवलं.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं आपल्या १२५व्या वर्षानिमित्त त्याच्याकडून रचना मागितली. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली ती प्रथम वाजली. बिवा वाजवली किन्शि त्सुरुता यांनी, शाकुहाची कात्सुया योकोयामा यांनी.

बिवा हे मोठ्या नखीनं छेडायचं तंतुवाद्य, शाकुहाची ही बांबूची उभी बासरी. बिवाच्या आवाजात एक झणझणाट असतो, त्याला 'सावारी' म्हणतात. आपल्याला हे चटकन कळेल. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतात ना, तसंच काहीसं! तार घासून जाते, आणि त्या घासण्यातूनच नाद भरून येतो. शाकुहाचीतही फुंकरीचा खरखरीत श्वास संगीताचाच भाग असतो. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या घडणीत मात्र शतकानुशतकं स्वच्छ, नितळ स्वरावर भर आला. मग या दोघांना एका साच्यात कसं बसवायचं? ताकेमित्सुनं ते बसवलंच नाही.

तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि हार्प त्यानं डाव्या-उजव्या गटांत विभागले, दोन वादक पुढे ठेवले. ऑर्केस्ट्रा बोलतो, थांबतो. मग हे दोघं बोलतात. शेवटाकडे तर बराच वेळ ऑर्केस्ट्रा गप्प असतो आणि फक्त बिवा-शाकुहाची चालू असतात. मधल्या शांततेला जपानीत 'मा' म्हणतात. ती रिकामी जागा नव्हे, तिलाही वजन असतं. नावातल्या 'स्टेप्स' म्हणजे 'दान', जपानी संगीतातले टप्पे. इथे ते अकरा आहेत.

यात गंमत अशी, की ज्याला राष्ट्राच्या नावानं कोवळ्या वयात राबवलं गेलं, त्यानंच त्या संस्कृतीला आपलंसं केलं; पण झेंडा म्हणून मिरवलं नाही की पाहुण्यांसाठी सजवलंही नाही. तिचं वेगळेपण तसंच राहू दिलं.

ही रचना साधारण वीस मिनिटांची आहे. ऐकताना सूर जुळण्याची वाट पाहू नका. एक आवाज संपल्यावर दुसरा येईपर्यंत काय ऐकू येतं, तिकडे कान द्या.