एक आवाज, तीन मिक्स

कंट्री म्युझिक म्हटलं की आपल्याला काउबॉय हॅट आणि गिटार एवढंच आठवतं. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या खेड्यापाड्यांचं हे संगीत. फिडल (म्हणजे आपलं व्हायोलिनच) आणि पेडल स्टील गिटार ही त्याची ओळख. मग शनाया ट्वेनसारखी कंट्री गायिका जगभर कशी काय पोचली? मित्रहो, यात गळ्याइतकाच हात साउंड मिक्सिंगचा आहे, म्हणून हा विषय आपला!

शनाया मूळची कॅनडाची, टिमिन्स गावात वाढलेली. १९८७ साली आई आणि सावत्र वडील मोटार अपघातात गेले. धाकट्या भावंडांना सांभाळायचं म्हणून ती एका रिसॉर्टमध्ये गाऊ लागली. १९९३ चा पहिला अल्बम फारसा चालला नाही. त्याच वर्षी तिची निर्माता रॉबर्ट 'मट' लँगशी गाठ पडली, लग्नही झालं. हा गडी मुळात एसी/डीसी, डेफ लेपर्ड अशा रॉक बँड्सचा.

१९९७ मध्ये दोघांचा 'कम ऑन ओव्हर' आला. आता गंमत पाहा. स्टुडिओत आवाज आणि वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड होतात. त्यामुळे आवाज तोच ठेवून मागची वाद्यं बदलता येतात. लँगने नेमकं हेच केलं. परदेशी श्रोत्यांसाठी फिडल, स्टील गिटार कमी करून पॉपचा साज चढवला. अल्बम ४ कोटींच्या वर खपला! २००२ च्या 'अप!' मध्ये तर तीच १९ गाणी तीन रंगांच्या डिस्कवर आली: हिरवी कंट्री, लाल पॉप, आणि निळीत चक्क भारतीय ढंगाची वाद्यं. अमेरिकेत लाल-हिरवी जोडी विकली, बाहेर लाल-निळी.

कंट्रीवाल्या कट्टर मंडळींनी नाकं मुरडली. त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. फिडल काढल्यावर कंट्री उरतं किती? पण या सगळ्या मिक्समध्ये एक ट्रॅक कायम होता, तो म्हणजे तिचा आवाज. नेमका तोच गेला. २००३ मध्ये गोचीड चावून लाइम रोग झाला आणि स्वरयंत्राच्या नसांवर परिणाम झाला. पुढचा नवा अल्बम यायला २०१७ उजाडलं. २०१८ मध्ये गळ्याचं ऑपरेशनही झालं. आवाज आता पूर्वीचा नाही, जरा जाडसर झालाय, पण ती गातेय.

वाद्यं बदलता येतात, राव. गळ्याला स्पेअर पार्ट नाही. दोन्ही मिक्स हेडफोन लावून जरूर ऐका.