मुखात पिले सांभाळणारा मासा

साकोलीच्या आसपास कोहळी लोकांनी बांधलेले तलाव पुष्कळ. त्यामुळे तेथे मासा म्हटला की ढिवराचे जाळेच आठवते. मासा काचेच्या पेटीत पाळण्याची हौस शहरी. या पेटीत आग्नेय आफ्रिकेतील तिलापिया, म्हणजे बाजारातील चिलापी, सहज जगतो. हा मासा भारतात १९५२ साली आला. नर वाळूत वाटोळा खळगा करतो. मादी त्यात अंडी घालून ती तत्काळ तोंडात घेते आणि दोनतीन आठवडे जवळजवळ उपाशी राहून पिले वाढविते. भय वाटताच बाहेर पडलेली पिले पुन्हा आईच्या मुखात शिरतात!

हे कौतुक पाहावयाचे तर पेटी ऐसपैस असावी, तळाशी वाळूचा जाड थर द्यावा आणि आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावे. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मगच घालावे. पाणवनस्पती लावण्याचा खटाटोप व्यर्थ होय. नर त्या उपटून टाकतो. थंडीत पाणी २० अंशांखाली जाऊ देऊ नये.

खरी अडचण पुढेच. दोनतीन महिन्यांची मादीही अंडी घालू लागते व पेटी अपुरी पडते. तेव्हा दयेपोटी पिले तलावात सोडणे हा अपराधच समजावा. तेथे ती देशी माशांचे अन्न व विणीची जागा बळकावितात, स्वतः दाटीने खुरटतात आणि ढिवराच्या जाळ्यात बोटभर मासळीच येते. त्यापेक्षा नर व मादी आरंभापासून निरनिराळ्या पेट्यांत ठेवावीत.