दहापर्यंत मोजणाऱ्या बायका

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. फेब्रुवारीत, चाळीस वर्षं नव्वदेक देशांत घरोघर जाऊन बाळंतपणं, लसी, बालमृत्यू यांची माहिती गोळा करणारं आणि ती अभ्यासकांना फुकट देणारं अमेरिकेचं मोठं सर्वेक्षण थांबलं. जुलैच्या एक तारखेला ‘यूएसएड’ हे परदेशांना मदत देणारं त्यांचं खातंच मिटलं. आमच्या सकाळच्या फेरीतला एकजण म्हणाला, “मास्तर, तुम्हाला काय त्याचं? तिथलं दुकान बंद झालं तर गडचिरोलीत कोणाचा चहा थंड होणार आहे?”

त्याला द्यायला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं नेहमी घरी आल्यावर सुचतात.

आता तर इथल्या एका कामाला चाळीस वर्षंही भरताहेत. १९८६ साली राणी आणि अभय बंग हे डॉक्टर जोडपं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन गडचिरोलीत आलं. ‘सर्च’ ही त्यांची संस्था. चाळीस वर्षं म्हटलं की सत्कार, स्मरणिका, भाषणं आलीच. होऊ देत. मला जे सांगायचं आहे ते स्मरणिकेत बसणार नाही.

त्याआधीचा काळ मी भरभर ओलांडतो. १९४९ ला वरोऱ्याजवळ आनंदवन, १९७३ ला हेमलकसा. त्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. २६ ऑगस्ट १९८२ ला चांदा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि आम्ही नव्या गडचिरोली जिल्ह्याचे झालो. रस्ते तेच होते, पाटी बदलली. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेतली ‘सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य’ ही घोषणा आमच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात होती. २००० उजाडलं तेव्हा त्या जागचा गिलावा पडला होता.

पण त्याच काळात जगात एक चांगली रीत पडत होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मेक्सिकोच्या डोंगरात काम करणाऱ्या डेव्हिड वर्नरने १९७३ मध्ये खेड्यातल्या लोकांसाठी, डॉक्टर नसताना काय करावं याचं पुस्तक लिहिलं आणि आत छापलं की नफा कमावणार नसाल तर खुशाल नक्कल करा. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपलं, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमांत कालवून पाजलं आणि पटकीचे रोगी वाचवले. त्या पाण्यावर कुणी पेटंट घेतलं नाही. शिकलेलं दुसऱ्याला सांगायचं, पैसे मागायचे नाहीत, एवढाच तो व्यवहार. आमच्याकडे मोहफुलाची परडी शेजारणीला देतात तसा.

आमच्या जिल्ह्याने या व्यवहारात आपली परडी घातली ती १९८९ ते १९९९ या दशकात. मी तेव्हा धानोरा तालुक्यात मास्तर होतो.

जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रिकेत ‘सर्च’चा एक अभ्यास छापून आला. वसा आणि अमिर्झा ही गडचिरोलीजवळची दोन गावं. साडेसहाशे बाया. त्यांतल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि बहुतेक जणींना आयुष्यात कुणी तपासलेलंच नव्हतं. तोवर जगाला गरीब देशातल्या बाईचं एकच दुखणं माहीत होतं, तिला पोरं फार होतात. वसा-अमिर्झाच्या बायांनी, ज्या नवऱ्याशीही हे बोलत नव्हत्या, त्यांनी बोलून आणि तपासू देऊन ती समजूत मोडली. पुढे १९९४ ला कैरोच्या परिषदेत कुटुंबनियोजनाचं बोलणं सरकून स्त्रीच्या आरोग्याचं बोलणं पुढे आलं, त्यामागे ज्या अभ्यासांचं बळ होतं त्यात हा एक. कैरोत त्या बायांपैकी कोणी नव्हतं. असण्याचं कारणही कुणाला सुचलं नसणार.

दुसरी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. माझ्या सासुरवाडीला एक दाई होती, साठीची, कपाळभर गोंदलेली. तिच्या घरी लाकडाची छोटी पाटी होती. दोन तारांत मणी ओवलेले आणि बाजूला एका मिनिटाची वाळूची घडी. मी म्हटलं, “आजी, हे खेळणं कोणाचं?” ती हसली. “खेळनं नाय मास्तर. लेकराचा दम मोजाचा.” लेकराच्या छातीकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ आणि त्याहून मोठ्याचे पन्नास झाले, तर तो न्यूमोनिया. म्हणून दोन तारा वेगळ्या. वाळू संपायच्या आत लाल मणी हातात आला की औषध सुरू. मी मास्तर, मला खोड, विचारलं, “साठपर्यंत मोजता येतं का?” ती म्हणाली, “मले दहापरेंत येते. त्याच्या पुढं कायले लागते?”

बत्तीस वर्षं गणित शिकवलं, अडाण्याला पुढे नेणारं असं साधन माझ्या हातून एकही झालं नाही. शिकणाऱ्याला काय येत नाही यावर आमची सगळी शाळा उभी. त्या पाटीने तिला काय येतं तिथून सुरुवात केली होती.

मग ‘सर्च’चं नवजात बाळांचं काम. नव्वद टक्क्यांहून जास्त बाळंतपणं घरीच होत होती, आणि दवाखाना म्हणजे पावसाळ्यात नदीपलीकडचा. ३९ गावांतून थोडंफार शिकलेल्या बायका निवडल्या, त्यांना आरोग्यदूत म्हणत. बाळ जन्मलं की वजन करायचं, ऊब द्यायची, अंगावर पाजायला मदत करायची, श्वास घेत नसेल तर घ्यायला लावायचा. आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं. यावर शहरात केवढा गहजब! सातवी-आठवीपर्यंत शिकलेली बाई सुई टोचणार? नागपूरच्या एका लग्नात एका डॉक्टरने मला हाच प्रश्न विचारला. मी म्हटलं, तुम्ही येता का टोचायला? तो जेवायला गेला.

डिसेंबर १९९९ मध्ये निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. हजार जन्मांमागे महिन्याच्या आतले मृत्यू ६२ वरून २५ वर आले होते. लेखकांत पाच नावं. त्या ३९ गावांतल्या बायका त्यात नाहीत. मी लेखकांना दोष देत नाही, शास्त्राची तशी रीत असते. पण आणखी ४७ गावं होती, त्यांचं नाव तर कोणी घेतच नाही. तिथे हे काम नव्हतं. सरकारी सेवा जशा होत्या तशा चालल्या आणि तिथले जन्म-मृत्यू तुलनेसाठी नोंदले गेले. ती नोंद नसती तर ३९ गावांच्या आकड्याला अर्थ आला नसता. आभार मानायचेच असतील तर माझ्या मते आधी त्या ४७ गावांचे मानावेत.

मोजणं हा माझा दुखरा भाग आहे. १९९७ मध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ चौथ्या दिवशी गेलं. चार दिवस ते रडलं, प्यायलं. पुढे एका कचेरीतल्या नोंदवहीत मी पाहिलं, ‘मृत जन्म’. कारकून म्हणाला, “आकडा वाढतो ना मास्तर, वरून विचारतात.” २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला, सरकारी आकड्यांपेक्षा बालमृत्यू कितीतरी जास्त आहेत असं त्याने सांगितलं आणि मुंबईत खळबळ उडाली. माझ्या बहिणीला खळबळ वाटली नाही.

पुढची पंधरा वर्षं मानसन्मानांची, पुन्हा भरभर. बांगलादेशात सिल्हेटला, उत्तर प्रदेशात शिवगढला तशीच घरभेटींची कामं झाली, त्यांचेही निकाल चांगले आले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने मिळून सांगितलं, नवजात बाळाला घरी जाऊन पाहा. २०११ मध्ये भारत सरकारने ते आशांच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य-स्वयंसेविकांच्या, कामात घातलं. गडचिरोलीची शिकवण देशभरच्या आशांच्या प्रशिक्षणात गेली. कुणी स्वामित्वधन मागितलं नाही.

उलट बाजूने काय आलं? २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशकांना गळ घालून ‘हिनारी’ योजना सुरू केली, गरीब देशांतल्या डॉक्टरांना वैद्यकीय पत्रिका फुकट. भारत तेव्हा उत्पन्नाच्या अटीत बसत होता, पण यादीत नव्हता. इथे पत्रिका विकल्या जात होत्या ना! म्हणजे परडी आम्ही भरून दिली आणि आमच्याच गावची मोहफुलं आमच्या पोरांना विकत घ्यायला सांगितली. माझा भाचा डॉक्टर झाला, तो परदेशातल्या मित्राकडून लेख मागवून वाचायचा.

म्हणून फेरीतल्या मित्राला माझं उशिराचं उत्तर असं: बाबा रे, ते दुकान आपल्या मालावरही चालत होतं. देणं-घेणं बंद पडलं की आधी देणाऱ्याचं नाव पुसलं जातं. अमेरिकेवर रागावण्याआधी घरचा हिशेब बघू. आमच्या राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आशांना सात हजारांची वाढ जाहीर केली. तिचा शासन निर्णय निघावा म्हणून फेब्रुवारीत त्यांना आझाद मैदानावर बसावं लागलं, तो निघाला मार्चमध्ये, पाच हजारांचा.

आणि त्या नवजात बाळाच्या घरभेटी? तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. जंगलातून, ओढ्यातून, सहा फेऱ्या. २०११ च्या योजनेत त्यांचा मोबदला ठरला तो २५० रुपये. एका फेरीचा नव्हे, सहाही मिळून.