नाचत्या निशाणाचं कापड

रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा निघते, तेव्हा नागपूरकरांचे डोळे चित्ररथांवर असतात आणि कान ढोलांवर. पथकाच्या पुढे ध्वज फिरवत चालणाऱ्या पोरापोरींचे फोटो भरपूर निघतात, पण त्यांच्या हातातलं कापड कशाचं, हे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा ते पॉलिएस्टरचं सॅटिन असतं. स्वस्त, चकचकीत, घामाला आणि पावसाला न जुमानणारं. पथकाच्या दृष्टीने ही निवड शहाणपणाचीच. पण नाच कसा होणार हे अर्धंअधिक कापड ठरवतं, आणि तो विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

आपल्या निशाणाच्या नाचात खरा मान काठीचा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत लोक सासनकाठी नाचवतात. उंचच उंच काठी दोरांच्या ताणावर तोलत खांद्या-कमरेवर खेळवायची, म्हणजे कस लागतो तो बळाचा आणि तोलाचा. वारीच्या रिंगणात पताकाधारी धावतात, तिथे दम लागतो. ढोलपथकातला ध्वजही मनगट आणि खांद्याच्या जोरावरच फिरतो. इटलीतल्या सिएना शहरातले निशाणकरी रेशमी झेंडे आकाशात भिरकावून झेलतात, त्यांच्या दांड्याच्या मुठीत शिसं भरलेलं असतं. तिथेही कारागिरी दांड्याभोवतीच.

नागपूरच्या सगळ्यांत गाजलेल्या झेंड्याला तर नाचायचंच नव्हतं. 1 मे 1923 रोजी इथे झेंडा सत्याग्रह सुरू झाला. चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरायला बंदी, आणि रोज नवी तुकडी तो घेऊन निघायची. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, विनोबा गेले, सूत्रं वल्लभभाई पटेलांकडे आली. अखेर 18 ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून पार झाली. तो झेंडा खादीचा. जाडसर हातसुताचं कापड झुळुकीवर तरंगत नाही, पण त्या झेंड्याचं काम होतं धरून ठेवलं जाणं.

काठी जवळजवळ नाहीशी करून कापडालाच नाचवणारी एक परंपरा मात्र अमेरिकेत आहे. 1970च्या दशकात तिथल्या समलिंगी समाजाच्या नृत्यगृहांत तिने मूळ धरलं. दोन हातांत दोन झेंडे, दांडा नाही किंवा नावापुरता, आणि कडेच्या शिवणीत बारीक वजनं: मासेमारीच्या गळाला लावतात तसले शिशाचे मणी किंवा नाजूक साखळी. हात फिरला की वजन बाहेर झेपावतं आणि कापड पंख्यासारखं उलगडतं. झेंडे बाजारात तयार मिळत नसल्यामुळे नाचणारेच ते रंगवू आणि शिवू लागले. बांधणीने रंगवलेला एक झेंडा दुसऱ्यासारखा कधीच निघत नाही, म्हणून तो ओळखीचा राहतो आणि मित्राला भेट द्यावासा वाटतो. पुढे एड्सच्या साथीत त्या समाजातली माणसं भराभर गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये 1991 साली एड्स स्मृतिवनाचं काम सुरू झालं, आणि आजही तिथे हे झेंडे घेऊन नाचायला लोक जमतात. मित्राने रंगवलेलं कापड अशा वेळी फिरवण्याला निराळा अर्थ येतो. आपल्याकडे ध्वज पथकाचा असतो. मिरवणूक संपली की तो गुंडाळून ठेवायचा. फिरवणाऱ्याचा त्यावर हक्क नाही. ही शिस्त मला आवडते, पण म्हणूनच ध्वज कुणी मन लावून रंगवत नाही, असंही वाटतं.

अमेरिकेतले हे हातझेंडे बहुतेक रेशमाचे असतात. रेशीमच का? हलक्या रेशमाचं वजन मॉमी या जपानी मापात सांगतात. 8 मॉमीचं कापड म्हणजे चौरस मीटरला साधारण 35 ग्रॅम. साधं सुती कापड सहज शंभराच्या वर जातं. इतकं हलकं असूनही रेशीम मजबूत असतं, ताण सोसतं, आणि उजेड त्यातून आरपार येत असल्यामुळे रंग दोन्ही बाजूंनी दिसतो.

इथे नागपूरकराची छाती फुगणार, कारण राज्याच्या रेशीम संचालनालयाचं मुख्यालयच आपल्या गावात आहे. शिवाय भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर पिकतं. ढिवर कुटुंबं अळ्या झाडावर सोडून पाखरं-मुंग्यांपासून दिवसचे दिवस राखण करतात. टसरचा कोष, म्हणजे कोसा, कडक असतो, सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करावा लागतो, आणि पूर्वी बाया मांडीवर वळूनच त्याचं सूत काढत. करवतकाठी साडीचं अंग याच सुताचं.

पण टसर तरंगत नाही. तंतूची जाडी डेनियर या मापात सांगतात. तुतीच्या रेशमाचा एकेरी तंतू दोन-तीन डेनियरचा, तर टसरचा आठ ते बारा. जाड, चपटा आणि मुळातच मधासारख्या रंगाचा. त्यावर निळा रंग चढवला की तो मातकट होतो, आणि पांढरं करायला गेलात तर टसरचं टसरपण जातं. काठीवरच्या मानाच्या ध्वजाला ते शोभेल. त्याची करकरीत घडी आणि दबका झळाळ सॅटिनला जन्मात जमणार नाही. हातातल्या नाचत्या झेंड्याला मात्र तुतीचंच रेशीम हवं, आणि त्यासाठी विदर्भाबाहेरही बघावं लागलं तरी हरकत नाही. जालन्याला कोषांची बाजारपेठ आहे.

रंगवणं घरच्या चुलीवरही जमतं. रेशीम प्रथिनाचं बनलेलं, त्यामुळे आम्लरंग व्हिनेगरच्या मदतीने त्यात मुरतात. पाणी चांगलं गरम हवं, पण खळखळून उकळू द्यायचं नाही, नाहीतर चमक मरते. दोऱ्याने गाठी मारा, पीळ घाला, चुण्या पाडा. रंग जिथे पोचत नाही तिथे नक्षी उमटते. स्वयंपाकाचं भांडं मात्र वापरू नये. खास इथला रंग हवा असेल तर फाल्गुनात पळस फुललेला असतोच. फुलं उकळून तुरटी घातलेल्या कापडावर चढवली की केशरीकडे झुकणारा पिवळा येतो. अडचण एवढीच, की पळसाचा रंग उन्हात लवकर विटतो. नागपूरच्या चैत्रात दुपारची मिरवणूक म्हणजे दोन-चार फेऱ्यांत रंग उतरणार. संध्याकाळच्या कार्यक्रमाला तो चालेल. दिवसासाठी आम्लरंगच बरा.

आणि पहिला झेंडा शिवण्याआधी एक तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून बघावा. रंग रुमालाला लागला तर कापड पुन्हा धुवावं, पाणी नितळ येईपर्यंत. भाद्रपदात गणपती निघतात तेव्हा पाऊस हमखास येतो, आणि पथकाचे कुर्ते पांढरेच असतात.