बाळंतिणीचे ताट व बाळाचे पुढील आयुष्य

नागपूरच्या लकडगंज भागात लाकडाच्या वखारी व आरागिरण्या आहेत. गोठ्यासाठी लाकूड घ्यावयास आलेल्या एका शेतकऱ्याची तेथे गेल्या हिवाळ्यात गाठ पडली. सकाळी त्याने कळमन्याच्या बाजारात तूर विकली होती व व्यालेल्या म्हशीसाठी सरकीची ढेप घेतली होती. घरी सुनेलाही दीड महिन्याचे मूल आहे, असे बोलण्यात आले. तिच्या आहाराविषयी विचारले असता तो म्हणाला, "तिले त नुसता भात अन् तूपच देतो, साहेब. डाळ-भाजी खाल्ली की लेकराचं पोट दुखते, असं म्हाताऱ्या बाया म्हणतात."

ढेपेवाचून म्हैस दूध राखत नाही, हे या गृहस्थास पूर्ण ठाऊक होते.

आईचा आहार निकृष्ट असला तरी अंगावरचे दूध सहसा आटत नाही, आणि येथेच फसगत होते. दुधातील प्रथिने, साखर व चुना यांचे प्रमाण फारसे घटत नाही. कमी पडलेला चुना शरीर मातेच्या हाडांतून काढून देते. परंतु अ, ब-1 व ब-12 ही जीवनसत्त्वे, आयोडीन आणि स्निग्धांशाचा प्रकार ही मातेच्या ताटाप्रमाणे बदलतात. ब्रह्मदेश, फिलिपाइन्स यांसारख्या भातखाऊ देशांत पांढऱ्याशुभ्र तांदळावर राहणाऱ्या मातांची वरकरणी सुदृढ मुले दोन-तीन महिन्यांची असताना ब-1 च्या अभावी हृदय बंद पडून दगावत असत. नुसत्या भातावर बाळंतीण ठेवणाऱ्या घरांनी हे ध्यानी धरावे.

ब-12 चा प्रश्न आपल्याकडे अधिक व्यापक आहे. हे सत्त्व दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतच मिळते. धान्यात वा भाजीत ते नसते. घरचे सर्व दूध डेअरीत जाते व आई शाकाहारी असते, तेव्हा तिच्या दुधातही ते उतरत नाही. असे मूल सहा महिन्यांनंतर निस्तेज होते, हसणे सोडते, शिकलेले बसणे विसरते. कधी हातपाय थरथरू लागतात. वेळीच ब-12 ची सुई मिळाल्यास ते सुधारते. विलंब झाल्यास मात्र बुद्धीच्या वाढीतील उणीव पुढेही राहू शकते.

पुण्याजवळील सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून माता व मुले यांचा अभ्यास चालविला. सुमारे दोन-तृतीयांश गरोदर मातांत ब-12 कमी आढळले. ज्या मातांत ब-12 कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे दिसली. हा अभ्यास गर्भारपणाचा आहे. तथापि गर्भारपणी रिता राहिलेला साठा स्तनपानाच्या काळात आपोआप भरत नाही, व मेंदूची झपाट्याची वाढ तर पहिल्या दोन वर्षांत चालूच असते.

पहिले सहा महिने मातेस रोज सुमारे 600 उष्मांक अधिक लागतात. नेहमीच्या जेवणाखेरीज दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर वरण व पेलाभर दूध एवढ्याने ते भागतात. जवसाची चटणी विदर्भास नवी नाही. दुधातील स्निग्धांश सुधारण्यास ती उपयोगी आहे. शेवग्याचा पाला, पपई व आयोडीनयुक्त मीठ असावे. चालत असल्यास अंडे द्यावे. चालत नसल्यास ब-12 विषयी डॉक्टरांस अवश्य विचारावे. सरकारी दवाखान्यातील लोह व चुन्याच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने घ्यावयाच्या असतात. पुष्कळ घरी त्या कोनाड्यातच राहतात. डाळीने आईच्या पोटात वायू झाला तरी तो दुधात उतरत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट एकट्या बाळंतिणीस सांगून उपयोग नाही. तिचे ताट सासू वाढते, आणि तूर व दूध किती विकावयाचे हे सासरा ठरवितो. तेव्हा दोघेही घरी असतील अशा वेळी, शक्यतो म्हशीची धार काढण्याच्या सुमारास, जावे.