बकरा धडधाकट दिसतो, पण गोचीड पाहिली का?

बकरी ईदच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत मदनपुरा, नागपाडा, भायखळ्याच्या चाळींमध्ये काय चित्र असतं ते वाचकांना सांगायला नको. जिन्याखाली बकरा बांधलेला, मुलं त्याला पाला भरवतायत, त्याचं नाव ठेवलंय, रात्री उशिरापर्यंत त्याच्या गळ्यात हात टाकून बसलीयत. बकरा विकत घेताना मोठी माणसं दात बघतात, शिंगं बघतात, तो लंगडत नाही ना, डोळा अधू नाही ना, हाडकुळा नाही ना, हे सगळं तपासतात. कुर्बानीचं जनावर उघड आजारी किंवा अधू नसावं, ही अट घराघरात माहीत आहे. पण त्याच्या कानामागे, शेपटीखाली, जांघेत गोचीड चिकटली आहे का, हे किती जण बघतात?

हा प्रश्न विचारायचं कारण जानेवारी २०११ मध्ये घडलं. अहमदाबाद जिल्ह्यात साणंदजवळच्या कोलाट गावातली एक महिला ताप आणि रक्तस्राव होऊन दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर गेले, नर्सही गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, नमुने तपासले आणि निदान झालं: क्रायमियन-काँगो हेमोरेजिक फिव्हर. आपल्याकडे त्याला सरळ ‘काँगो ताप’ म्हणतात. भारतात या रोगाचे रुग्ण प्रयोगशाळेच्या तपासणीतून सिद्ध झाले ते त्या वेळी पहिल्यांदा. डॉक्टर आणि नर्स का गेले? समोरच्या रुग्णाला काय झालंय याची कुणालाच कल्पना नव्हती, त्यामुळे तिच्या रक्तापासून स्वतःला जपायला हवं हे कळायच्या आत संसर्ग झाला होता.

या तापाचा विषाणू हायलोमा जातीच्या गोचिडीत राहतो. ती गोचीड गाय, म्हैस, शेळी, मेंढी, उंट यांना चावली की विषाणू जनावराच्या रक्तात जातो आणि साधारण आठवडाभर तिथे राहतो. त्या आठवड्यात जनावराला काहीच होत नाही. ते खातं, पितं, उड्या मारतं. इथेच आपली नेहमीची पारख कमी पडते, कारण ती जे दिसतं त्यावर चालते. माणसाला मात्र हा विषाणू सोडत नाही. अचानक ताप, अंगदुखी, डोकेदुखी, मग अंगावर लाल-काळे डाग, हिरड्यांतून, नाकातून रक्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे यात १०० पैकी १० ते ४० रुग्ण दगावतात. सर्रास वापरता येईल अशी लस माणसासाठीही नाही आणि जनावरासाठीही नाही.

माणसात तो येण्याचे रस्ते तसे थोडेच आहेत. एक, गोचीड चावणं किंवा ती नखावर चिरडणं. दुसरा, जनावर कापताना ताजं रक्त हातावरच्या जखमेला, डोळ्याला लागणं. तिसरा, आजारी माणसाचं रक्त किंवा अंगातले इतर स्राव. खाटीक, गुराखी, जनावरांचे डॉक्टर आणि घरी कुर्बानी करणारे आपण, हे सगळे पहिल्या दोन रस्त्यांवर उभे आहोत. शिजवलेल्या मटणातून हा रोग होत नाही. ‘काँगो आला, मटण बंद’ असले मेसेज मोबाइलवर फिरतात ते वाचून घाबरायचं कारण नाही. धोका हंडीत नाही, तो सुरीजवळ आहे.

मग किती जनावरांत हा विषाणू पोहोचला आहे, हे कळतं कसं? २०११ नंतर देशातल्या २२ राज्यांतून आणि एका केंद्रशासित प्रदेशातून जनावरांच्या रक्ताचे नमुने गोळा झाले आणि एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी ते तपासले. त्यांनी विषाणू शोधला नाही, त्याच्या विरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधली. घरात चोर येऊन गेला की चोर सापडत नाही, पण तुटलेलं कुलूप दिसतं, तसं समजा. गाई-म्हशींत सुमारे ५ टक्के आणि शेळ्या-मेंढ्यांत सुमारे ११ टक्के नमुन्यांत ही खूण मिळाली. याचा अर्थ शंभरातल्या अकरा शेळ्या आज रोगी आहेत असा बिलकूल नाही. त्यांना पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन गेला, एवढाच अर्थ. पण कोलाट ही एकट्या गावाची गोष्ट नव्हती, हे त्यातून कळलं. पुढे २०१९ मध्ये राजस्थानात जोधपूर-जैसलमेर भागात रुग्ण सापडले. सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातमधल्या रुग्णांमुळे आपल्या पालघर जिल्ह्यातही सतर्कतेचा आदेश निघाला. देवनारच्या बाजारात बकरे येतात ते महाराष्ट्राबरोबरच राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून. व्यापाऱ्याला दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. जनावराबरोबर त्याच्या अंगावरची गोचीडही ट्रकमध्ये बसून येते, इतकंच.

असे रोग महाराष्ट्राला नवे नाहीत. २००९ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या कासेगावात आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या २१ गावांत म्हशींच्या सडांवर, कासेवर फोड आले आणि धार काढणाऱ्यांच्या हातांवरही तसेच फोड उठले. कासेगावात १६६ आणि कोल्हापूरकडे १८५ माणसांना त्रास झाला. तो म्हशींच्या देवीचा, म्हणजे बफेलोपॉक्सचा विषाणू होता. हा माणसांच्या देवीच्या लशीत वापरल्या जाणाऱ्या विषाणूचा सख्खा नातेवाईक. देवी हटली म्हणून लस टोचणं बंद झालं, त्यामुळे नंतर जन्मलेल्या पिढीच्या दंडावर तो व्रणही नाही आणि ते संरक्षणही नाही. बर्ड फ्लू तर सगळ्यांना आठवत असेल. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशात पहिल्यांदा कोंबड्यांत तो सापडला आणि चिकनचे भाव कोसळले. तेव्हा नवापुरात माणसाला लागण झाली नव्हती. पण जुलै २०२१ मध्ये हरियाणातला एक लहान मुलगा याच विषाणूने दिल्लीच्या एम्समध्ये गेला, तेव्हा हा रोग माणसात येतच नाही असंही म्हणता येत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर भीतीच पसरेल. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा दूध प्यावं की नाही यावर किती चर्चा झाली! लम्पी माणसाला होत नाही. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआरही माणसाला होत नाही. लाळ्या-खुरकुताने शेतकऱ्याचं नुकसान होतं, माणसाला त्याची भीती जवळपास नाहीच. बकऱ्याच्या ओठांवर खपल्या येतात तो ‘मावा’ मात्र हाताला लागतो. बोटावर एखादा जाड फोड येतो आणि काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. तरी ओठांवर खपल्या असलेल्या बकऱ्याला मुलांनी हाताने भरवू नये.

या सगळ्या अभ्यासाचं एक जुनं घर आपल्याच मुंबईत आहे, आणि पूर्वी रोज एल्फिन्स्टन पुलावरून जाणाऱ्या कितीतरी लोकांना ते ठाऊक नसायचं. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. तिथून जवळच, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात हाफकिन संस्था १८९९ पासून उभी आहे. तिचं सुरुवातीचं नाव होतं प्लेग संशोधन प्रयोगशाळा. प्लेग विषाणूचा नाही, जिवाणूचा रोग. पण तोही जनावरातून, उंदरांच्या पिसवांतून माणसात आलेला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला घाबरत होते, नाना अफवा होत्या. त्या वेळी इस्माइली खोजा जमातीचे इमाम, तरुण आगाखान सर सुलतान मुहम्मद शाह यांनी आपला खुश्रू लॉज बंगला या कामासाठी दिला आणि लोकांसमोर स्वतः लस घेतली. तेव्हा त्यांचं वय विशीच्या आसपास होतं. जमातीच्या माणसाने पुढे होऊन सांगितलं की लोक ऐकतात, सरकारी पत्रकाने तेवढं होत नाही. आजही जुम्याच्या खुतब्यात इमामसाहेबांनी गोचिडीबद्दल दोन वाक्यं बोलली, तर ती महापालिकेच्या फलकापेक्षा लांब पोहोचतील असं मला वाटतं. त्यात परकं काही नाही. रोगी उंट निरोगी उंटांत आणू नयेत ही ताकीद हदीसमध्ये आहेच.

आता घरात काय करायचं. बकरा घेतानाच कान, शेपटी, जांघा, खुरांच्या बेचक्या हाताने नाही, नजरेने बघा. गोचीड दिसली तर ओढू नका, चिरडू नका. जनावरांच्या डॉक्टरांकडून गोचीडनाशक मारून घ्या. सरकारी पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा नंबर आहे. मात्र औषध फवारल्यानंतर काही दिवस थांबून जनावर कापावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना तर कापण्याच्या दोन आठवडे आधी जनावर गोचीडमुक्त करावं असं सांगते. म्हणून हे काम ईदच्या आदल्या दिवसाचं नाही. बकरा लवकर घ्यायचा असेल तर तेव्हाच करायचं. चाळीत बकरा येतो तेव्हा त्याच्याजवळ मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आणि बकरा गादीवर आणू नका. मुलं रडतील, माहीत आहे.

कापताना रबरी हातमोजे आणि चष्मा वापरा. हाताला जखम असलेल्याने त्या दिवशी सुरी धरू नये, दुसऱ्याला द्यावी. रक्त मोरीत साचू देऊ नका, जागा ब्लीचिंग पावडरने धुवा. कातडं ज्याने उचलायचं त्याला मोजे देणं ही आपली जबाबदारी आहे. तो मजूर असतो, त्याला कुणी काही सांगत नाही.

ईदनंतरच्या दोन आठवड्यांत घरात कुणाला जोराचा ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: ‘आम्ही जनावर हाताळलं होतं, कापलं होतं.’ ताजं रक्त लागल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा पाच-सहा दिवस, फार तर तेरा दिवस लागतात. पावसाळ्यात मुंबईत तापाला डेंग्यू किंवा मलेरिया समजलं जातं आणि बहुतेक वेळा तो तेच असतो. पण चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात असो की गल्लीतल्या दवाखान्यात, समोरचा डॉक्टर आपल्या घरी बकरा होता हे आपल्या कपाळावर वाचू शकत नाही.