झाकणाआडचे काम
पॅनेल वायरिंग शिकणाऱ्या मुला-मुलींसाठी

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, हिंगणा या औद्योगिक वसाहतींत विजेचे कंट्रोल पॅनेल बनविणारे अनेक लहान-मोठे कारखाने आहेत. आपल्या समाजातील मुले आयटीआय करून तेथे हेल्पर म्हणून लागतात. पहिले काम हाती येते ते पीव्हीसी डक्ट कापण्याचे. डक्ट म्हणजे बाजूंना फटी असलेली करडी चौकोनी पन्हळ. सर्व वायरी तिच्यातून जातात आणि वरून झाकण बसते. झाकण बसले की आतले काही दिसत नाही. म्हणून या कामाला हलके समजले जाते, आणि मुलगाही ते कसेबसे उरकतो. येथेच त्याचे नुकसान होते.

हे झाकण पुन्हा कोण उघडतो? पाच-दहा वर्षांनी मशीन बंद पडते, तेव्हा रात्रपाळीचा मेन्टेनन्स कामगार ते उघडतो. तोही बहुधा आपल्यासारख्याच घरचा असतो. आत वायरींचा गुंता असेल, नंबर नसतील, तर चुकीच्या वायरीला हात लागून त्याचा जीव जाऊ शकतो. डक्ट भरणाऱ्याने हा माणूस डोळ्यांपुढे ठेवावा.

आता कामाच्या गोष्टी. डक्ट कधीही ठासून भरू नये; किमान एक तृतीयांश जागा मोकळी ठेवावी. दाटीत वायरींची उष्णता बाहेर पडत नाही, आणि साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण साधारण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते. हिशेब सोपा आहे. 45 बाय 45 मिमी डक्टचे क्षेत्रफळ 2025 चौरस मिमी. त्याचे दोन तृतीयांश 1350. दीड चौरस मिमीची वायर आवरणासह सुमारे 3 मिमी जाड असते; तिला 9 चौरस मिमी जागा धरा. म्हणजे 150 वायरी झाल्या. डक्टच्या भिंतींची जाडी वजा करता याहून कमीच घाला.

कापलेली कड कानशीने घासा, नाहीतर ती वायरीचे आवरण सोलते. डक्ट आणि टर्मिनल यांच्यात बोटे व स्क्रू-ड्रायव्हर नीट फिरतील एवढे अंतर सोडा. डक्टमध्ये वायरीला जोड देऊ नका. वायर कमी पडली तर नवी घाला. मोटरच्या पॉवर वायरी आणि सेन्सरच्या सिग्नल वायरी एका डक्टमध्ये नकोत. ड्राइव्हच्या वायरी तर सिग्नलपासून दूरच ठेवा. एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडा.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना ड्रॉइंगप्रमाणे नंबरचे फेरूल घाला. बहुतारी वायरीला योग्य मापाचा लग क्रिंपिंग टूलने दाबा, पक्कडीने नव्हे. टोकाला शिसे लावून ते स्क्रूखाली दाबू नका. शिसे मऊ असते, दाबाखाली हळूहळू सरकते आणि जोड सैल होतो. सैल जोड तापतो, आणि त्यातूनच आग लागते. स्क्रू आवळल्यावर वायर हाताने ओढून पाहा आणि मगच खूण करा. दाराला अर्थिंगची लवचीक वायर जोडा; बिजागरीवर विसंबू नका. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूला वीज असतेच, म्हणून ती बाजू झाका आणि तेथे धोक्याची सूचना लावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. विजेचे नियोजन आणि तांत्रिक प्रशिक्षण हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ 1944 साली त्याच खात्याने स्थापन केले. वीज आणि हातातले कसब यांतून कष्टकऱ्यांची गरिबी हटेल, असा त्यांचा विचार होता. त्या विजेचे काम आज आपल्या मुलांच्या हाती आहे. ते नीट करणे हीच सम्यक आजीविका होय.

हेल्परचा वायरमन आणि वायरमनचा सुपरवायझर होतो तो ड्रॉइंग वाचता येऊ लागल्यावर. म्हणून रोज एक सर्किट वहीत काढा, त्यातील प्रत्येक खुणेचा अर्थ वरिष्ठांना विचारा. मुलींनीही या कामात जरूर यावे. येथे ताकदीपेक्षा नीटनेटकेपणा लागतो. आई-वडिलांनी मुलाला पगार विचारावाच, पण 'आज नवीन काय शिकलास?' हेही विचारावे.

कारखान्यात कोणी आडनाव विचारील, कोणी वस्ती विचारील. तपासणीला लावलेला मेगर मात्र फक्त काम पाहतो. त्याच्यापुढे आपले पॅनेल पहिल्याच वेळी पास झाले पाहिजे.

जयभीम!